सहा मिनिटांची मोजणी

१

अफसानाला दचकायला फार काही लागत नसे. कुकरची शिट्टी, मागून आलेला ॲटोचा हॉर्न, कुणी पाठीमागून नुसतं नाव घेतलं तरी तिचा हात छातीवर जायचा. नांदेडला घरी तिची अम्मी बेगमबी खोलीत शिरण्याआधी मुद्दाम खोकायची, लेकीच्या हातातला कप सांडू नये म्हणून. आणि अशा पोरीला नोकरी लागली ती गावोगाव मोबाइलच्या टॉवरखाली उभं राहून रेडिएशन मोजायची.

इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, दोन वर्षांचा अनुभव. कुठं टॉवरची तक्रार आली की रविकांत सरांच्या ऑफिसातून तिला एसटीनं धाडायचे. कधी कंधार, कधी देगलूर, कधी पार लातूर. पाठीवर मीटरची बॅग, हातात घडीचा स्टँड. जागेवर पोचलं की स्वतःचा फोन बंद करायचा, स्टँड उभा करायचा, त्याच्या टोकावर लिंबाएवढा पांढरा गोळा बसवायचा, लांब वायरीनं त्याला जोडलेला मीटर गळ्यात अडकवायचा आणि मागं सरून थांबायचं. एक मीटर दहा, दीड मीटर, एक मीटर सत्तर, अशा तीन उंचीवर, दर उंचीला सहा मिनिटं. क्षणभर उसळलेला आकडा धरायचा नाही, सहा मिनिटांची सरासरी धरायची, असा नियम.

ती सहा मिनिटं तिला मनापासून आवडत. तेवढ्या वेळात हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तिच्या अख्ख्या दिवसात एवढंच निवांतपण असे.

टॉवर आणि गोळा यांच्या मधे मात्र कुणी येता कामा नये. माणूस म्हणजे पाण्यानं भरलेली पखाल. लाट अडते, आकडा खाली येतो. मग काट मारून पुन्हा पहिल्यापासून. अफसानाला आता मान वर करायचीही गरज पडत नसे. आकडा किती पडला, किती वेळ पडला यावरून तिला कळे, की आत्ता एखादा आडव्या अंगाचा माणूस गेला, आत्ता कडेवर लेकरू घेतलेली बाई गेली. जिवंत माणूस मधे उभा असला की शेवटचा अंक त्याच्या श्वासाबरोबर खालीवर होतो, हेही तिनं आपलं आपणच शोधून ठेवलं होतं. कुठल्या पुस्तकात ते नव्हतं.

२

मुखेडला ती पोचली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बाजारामागच्या गल्लीत दुमजली घर. समोर, गल्लीच्या पलीकडं, कापडाच्या दुकानाच्या गच्चीवर टॉवर. घर वैजनाथचं, बी-बियाण्यांचा दुकानदार. तक्रारीच्या अर्जावर सही त्याच्या बायकोची, सिंधूची. ती सात महिन्यांची गरोदर होती.

वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली नवराबायकोची. तीन आठवड्यांपासून सिंधूनं तिथं झोपणं सोडलं होतं आणि खाली स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरशेजारी, अंथरूण घातलं होतं. का, तर टॉवरचं रेडिएशन पोटातल्या बाळाला लागतं.

वैजनाथ काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं सरळ सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सिंधूला आईबाप नव्हते आणि भाऊ लातूरला कारखान्याच्या एका खोलीत चौघांत राहत होता. म्हणजे जे काय व्हायचं ते इथंच. स्वयंपाकघरात ओल, पाय टाकायला जागा नाही, आल्यागेल्याला काय सांगायचं? म्हणून आज मॅडमनी मोजावं, कागद द्यावा. आकडा मर्यादेच्या आत असला, की आज संध्याकाळीच सिंधूचं अंथरूण वर जाईल.

त्याची आई पार्वतीबाई माळवदाच्या जिन्याखाली शेंगा फोडत बसली होती. तिनं मान न उचलता आपलं मत दिलं.

"निम्म्या गावाच्या बाया टॉवरखालीच बाळंत झाल्या. कुणाला काई न्हाई. हिच्याच पोटाला तेवढा करंट लागून राहिलाय."

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सडपातळ, पोट तेवढं पुढं आलेलं. ती अफसानाकडं बघून म्हणाली, "कागदावर काय बी येऊ द्या. मी त्या खोलीत जाणार न्हाई."

अफसानानं नेहमीचं समजावणं सुरू केलं. टॉवरची मर्यादा मीटरवर साडेचारशे येते, आपल्याकडं ती मुद्दाम कडक ठेवलेली आहे, घरांमधून बहुधा वीस-तीसच्या वर काही निघत नाही, आपण मोजू, मग बोलू. हे सगळं तिनं शंभर घरांतून सांगितलं होतं आणि ते खरं होतं. सिंधूनं ते ऐकून घेतलं आणि बोटानं जिना दाखवला.

३

घराच्या गच्चीवर एकतीस आला. साडेचारशेच्या मानानं काहीच नाही. तिनं तो लिहिला आणि खोलीत आली.

खोली स्वच्छ होती. लोखंडी पलंग, स्टीलचं कपाट, दुकानाच्या जाहिरातीचं कॅलेंडर. खिडकीला उभे गज, गजांच्या पलीकडं टॉवर. अफसाना नव्या खोलीत शिरताना नेहमी आधी कोपरे बघून घ्यायची. इथल्या कोपऱ्यांत दचकण्यासारखं काही नव्हतं. तिनं पलंगाजवळ स्टँड लावला, दार आतून लोटून घेतलं, दाराशी जाऊन उभी राहिली आणि मीटरच्या छोट्या पडद्यावर नजर लावली. बावीस.

पहिलं मिनिट बावीस. दुसरं मिनिट बावीस. खालून शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या मिनिटाला आकडा नऊवर आला.

"जरा बाजूला व्हा," अफसाना सवयीनं म्हणाली.

कुणी हललं नाही. आकडा नऊच राहिला. तिनं मान वर केली. दार बंद होतं. खोलीत ती एकटीच होती.

४

बॅटरी असेल. तिनं बदलली. टॉवरवरचा लोड दुपारी कमी होतो, तसं असेल. पण तसं असेल तर गच्चीवरही पडायला हवं. ती मीटर घेऊन गच्चीवर धावली. एकतीस. परत खाली आली. पलंगाजवळ नऊ, आणि तिथून हातभर डावीकडं बावीस. उजवीकडं सरकवलं, तिथंही बावीस.

म्हणजे लाट सगळीकडं पोचत होती, एवढी एक जागा सोडून.

अफसानाचं डोकं भीतीपेक्षा हिशेबानं चालायला लागलं की ती बरी असे. तिनं बॅगेतला खडू काढला. गोळा बोटाबोटानं सरकवत, जिथं आकडा पडतो आणि जिथं उठतो तिथं फरशीवर रेघा मारल्या. रुंदी सव्वा हात. मग उंची. एक मीटर दहाला नऊ. दीड मीटरला नऊ. एक मीटर सत्तरला पुन्हा बावीस. लाट वरून मोकळी येत होती.

तिनं तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मग तिचा हात थांबला. सव्वा हात रुंद, पाच फुटांहून जरा वर. कपाटाची ही मापं नसतात. भिंतीची नसतात.

ती शेवटच्या अंकाकडं बघत राहिली. तो श्वास घेत नव्हता. नऊ पूर्णांक शून्य, आणि शून्यच. जिवंत माणसाचा आकडा असा राहत नाही.

दहा मिनिटांनी तिनं पुन्हा खडूच्या रेघांमधे गोळा धरला. बावीस. रिकामं. तिनं मोठा श्वास सोडला आणि सहज गोळा पलंगाच्या दिशेनं एक पाऊल पुढं नेला. नऊ.

५

गच्चीवर जाऊन तिनं फोन चालू केला आणि रविकांत सरांना लावला. शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितलं, की एका जागी रीडिंग पडतंय, कारण सापडत नाही, जागा बदलतेय.

सर जेवत असावेत. त्यांनी शांतपणे विचारलं, की मर्यादेच्या वर कुठं गेलंय का. नाही म्हटल्यावर ते हसले. "अगं, कमी आलंय तर आनंद आहे. कमी रेडिएशनची तक्रार आजवर कुणी केलीय का? सरासरी टाक, सही कर आणि पाचची गाडी पकड."

त्यांचं बरोबर होतं. फॉर्मवर मर्यादेच्या वर गेलं तर काय करायचं यासाठी अर्धं पान जागा होती. हे लिहायला कुठं रकानाच नव्हता.

तिनं स्वतःला समजावून पाहिलं. तू घाबरट आहेस. हॉस्टेलला असताना खुंटीवरच्या रेनकोटला बघून तू अख्खा मजला गोळा केला होतास. वायर ढिली असेल, भिंतीतलं एखादं लोखंड असेल. पण लोखंड एक पाऊल पुढं येत नाही. ती घाबरट होती, कबूल. मीटर घाबरट नव्हता.

आणि एक गोष्ट तिला नको असताना सारखी आठवत होती. तिनं सही केली, की संध्याकाळी एक बाई त्या पलंगावर झोपणार होती.

६

सिंधू चहा घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत आली होती. त्याच्या वर ती चढली नाही. कप हातात देताना तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला बी दिसलं का?"

"दिसलं नाही," अफसाना म्हणाली. "मोजलं."

सिंधूनं जिन्याच्या पायरीवर बसून घेतलं, जणू इतके दिवस ती उभीच होती. मग ती सांगू लागली, खालच्या आवाजात, खालच्या शेंगांच्या आवाजाचा अंदाज घेत. डॉक्टरीणबाईंनी कोवळं-उतरतं ऊन घे म्हणून सांगितलं होतं. चारच्या सुमाराला त्या खिडकीतून पलंगावर ऊन येतं. ती उन्हात पडायची. अंगावर सगळीकडं ऊन, पोटावर तेवढी सावली. खिडकीत तर कुणी नाही. कूस बदलली की सावलीही सरकायची. पहिल्यांदा तिला वाटलं टॉवरचीच सावली. पण टॉवर जागचा हलतो का?

"सावली पोटावर आली की बाळ हलायचं थांबायचं," ती म्हणाली. "गेली की पुन्हा हलायचं. रोज जरा जास्त वेळ थांबायची."

अफसानानं कप पायरीवर ठेवला. तिनं विचारलं, मग अर्जात टॉवर का लिहिलं?

सिंधू चक्क हसली. "मी सावली म्हणले असते तर यांनी देवऋषी आणला असता. मला धुपात बसवलं असतं. आन् चार दिवसांनी गल्लीभर झालं असतं की हिलाच काई तरी लागलंय. टॉवर म्हणलं की सरकारी कागद निघतो, शिकलेलं माणूस मोजायला येतंय." तिनं अफसानाच्या गळ्यातल्या मीटरकडं बोट केलं. "आलाव न्हवं तुम्ही?"

अफसाना सरकारी नव्हती, एका कंत्राटदाराकडची साडेआठ ते साडेसहाची नोकर होती. पण ते सांगायची ही वेळ नव्हे, एवढं तिला कळलं.

७

चार वाजायला आले तशी वैजनाथची चुळबुळ सुरू झाली. किती मोजायचं ते? पार्वतीबाईनं तोडगा काढला. सुनेला सगळ्यांच्या देखत पलंगावर बसवा, तिच्या पोटाशी मशीन धरा, आकडा मोठ्यानं वाचा, म्हणजे पुन्हा कुरकुर नको.

अफसाना नको म्हणाली.

"मर्यादेच्या आत हाय म्हणता न्हवं मॅडम?" वैजनाथ म्हणाला. "मग भ्या कशाचं?"

उत्तर सिंधूनं दिलं. तिनं पदर खोचला, कठड्याला धरून जिना चढली आणि नवऱ्याला ओलांडून खोलीत गेली. "चला. बघू द्या सगळ्यांला."

ती पलंगावर बसली. खिडकीतून ऊन आलं होतं, पिवळं, जाड. मायलेक दारात थांबले. अफसानानं गोळा सिंधूच्या कुशीजवळ लावला आणि बटण दाबलं. बावीस. पहिलं मिनिट गेलं.

नऊ.

सिंधूच्या पोटावर, हिरव्या साडीवर, ऊन होतं तिथं काळसर झालं. तिचा हात पोटाकडं गेला. "थांबलं," ती म्हणाली.

दोन वर्षं अफसानानं लोकांना मधून बाजूला केलं होतं. आता ती चार पावलं चालली आणि मधे जाऊन उभी राहिली. खिडकीकडं पाठ, सिंधूकडं तोंड. सिंधूच्या पोटावर आता तिची स्वतःची सावली होती. डोक्यावरची ओढणी, मान, खांदे. आपली सावली ओळखू येते.

मग तिच्या सावलीच्या खांद्याआडून दुसरं काहीतरी हळूच बाहेर आलं. कुणी भिंतीआडून वाकून बघावं, तसं.

अफसाना अर्धं पाऊल तिकडं सरकली. ते आत गेलं. क्षणभरानं दुसऱ्या बाजूनं निघालं, जरा खालून. ती तिकडं सरकली. दारातून वैजनाथ म्हणाला, मॅडम, हे काय करून राहिलाव? तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. ओढणीची दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिनं हात आडवे पसरले.

"सिंधूताई, उठा. माझ्या समोरूनच दाराकडं जा. मागं बघू नका."

सिंधू उठली. तिच्याबरोबर अफसाना खेकड्यासारखी आडवी सरकत गेली, तिच्या आणि खिडकीच्या मधे, दारापर्यंत. पार्वतीबाईनं सुनेचा दंड धरला. पोट पुढं घेऊन सिंधू जिना उतरली आणि चौथ्या-पाचव्या पायरीवरून तिचा आवाज आला, "हललं. हललं बघा."

मीटरवर अजून साडेतीन मिनिटं बाकी होती. अर्धवट मोजणी ही मोजणीच नसते. अफसाना परत आपल्या जागी गेली, खिडकीकडं पाठ करून. आकडा तिचा होता, नऊच्या आसपास, तिच्या श्वासाबरोबर खालीवर होणारा. आठ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक एक.

पाचव्या मिनिटाला चार झाला.

तिच्या एकटीनं चार होणं शक्य नव्हतं. तिच्या मागं, अगदी पाठीला लागून, तिच्याच रेषेत आणखी एक आडोसा उभा राहिल्याशिवाय नाही. मानेवर काही लागलं नाही. आवाज आला नाही. फक्त चार. पळावंसं वाटलं तिला, का नाही वाटणार? तिनं दात आवळले, डोळे पडद्यावर ठेवले आणि सेकंद मोजले. हे तिचं काम होतं, आणि या कामात कुणी मधे आलं तर हलायचं त्यानं असतं.

मीटर वाजला. ती वळली.

खिडकी, ऊन, टॉवर. फरशीवर गजांच्या सावल्या लांब पसरल्या होत्या. त्यांतल्या एका सावलीवर, मधोमध, एक जाडसर गाठ होती. कुणी बाहेरून नव्हे, आतून, मुठीत गज धरावा तशी. तिच्या डोळ्यांदेखत ती सुटली. एक बोट, मग दुसरं, सावकाश.

८

फॉर्म तिनं खाली ओसरीवर बसून भरला. शेऱ्याच्या जागी लिहिलं, की मोजणी पूर्ण झालेली नाही, पुढील मोजणी तीन महिन्यांनी होईल, तोवर खोलीला कुलूप लावावे व कुणीही वापरू नये. खाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली. रविकांत सर उद्या काय म्हणतील ते तिला पाठ होतं. म्हणू देत.

वैजनाथनं कागद हातात घेऊन पहिल्यापासून वाचला आणि एका ओळीशी अडला. मोजणीच्या वेळी खोलीत उपस्थित व्यक्ती. तिथं अफसानानं दोन लिहिलं होतं.

"शेवटाला तर तुम्ही एकल्याच होतात की वर."

"म्हणूनच दोन लिहिलं," ती म्हणाली.

त्यानं कागदाची घडी घातली. दारातून त्यालाही काही दिसलं होतं की नाही, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पार्वतीबाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, कपाटातून पितळी कुलूप काढलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढली. तिथं ती थांबली, वर बघितलं, आणि कुलूप लेकाकडं केलं. लेकानं ते घेतलं, आणि तोही तिथंच उभा राहिला.

"द्या इकडं," अफसाना म्हणाली.

वर खोलीचं दार सताड उघडं होतं. आत बघायचं नाही असं ठरवून तिनं कडीला हात घातला, ओढायला जोर लावला, पण जोर लागलाच नाही. दार हलकं, अलगद तिच्याकडं आलं, आतून कुणी बेतानं लोटत आणावं तसं, आणि चौकटीला नीट बसलं.

अफसानानं कडी चढवली. कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली, दोनदा ओढून पाहिलं. मग तळहात दारावर सपाट टेकवून, ऐकणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "तीन महिने. मग मीच येते मोजायला."